फ्रेंच बोलपटांचा विनामूल्य पाहुणचार

मार्च महिना म्हटला कीं आपल्या घरांतून परीक्षा, होळी आणि उन्हाळ्याच्या वाळवणांची तयारी एवढ्याच गोष्टी प्रथम डोळ्यांपुढें येतात. मुलगा कोपऱ्यांत पाठांतर करीत बसलेला असतो आणि वडील मंडळी त्याच्या गुणांचा हिशेब मनांत मांडीत असतात. हा हिशेब अलीकडे पुष्कळदां एका परक्या भाषेशीं येऊन ठेपतो. संस्कृत घ्यावयाचें कीं फ्रेंच, असा प्रश्न मोठ्या शहरांतील अनेक शाळा मुलांना घालतात. आणि ज्या घरांत आजोबांना अमरकोश मुखोद्गत होता, त्या घरांतील नातू फ्रेंच क्रियापदांचीं रूपें घोकूं लागतो. कां, असें विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: गुण चांगले मिळतात! भाषा घेण्याचें हें कारण वाईट आहे असें नव्हे. परंतु त्या भाषेंत माणसें भांडतात कशीं, लाजतात कशीं, मुलाची समजूत घालतांना आवाज कोठें खालीं आणतात, याची त्या नातवास वार्ताहि नसते. शंभरांपैकीं पंचाण्णव गुण मिळविलेल्या मुलास एखादा फ्रेंच मनुष्य समोर उभा राहून बोलूं लागला तर तो भांबावून जातो, हा अनुभव अनेक घरांत आलेला असेल.

याच मार्च महिन्यांत, २० तारखेच्या आगेमागें, जगांतील अनेक शहरांत फ्रेंच भाषेंतील बोलपटांचे छोटे महोत्सव भरतात. आपल्याकडे मुंबई-पुण्यांतहि ते भरत आले आहेत. अशा महोत्सवांत बहुधा तिकीट नसतें. आधीं येईल त्याला खुर्ची, एवढाच नियम. फ्रान्सचेच नव्हे, तर बेल्जम, स्वित्झर्लंड, कानडांतील क्वेबेक प्रांत, सेनेगाल, चाड, ट्युनिशिया अशा दूरदूरच्या देशांचे बोलपट तेथें एका ओळीनें दाखविले जातात. अलिबागच्या वाचकानें या गोष्टीकडे ‘ती मुंबईची चैन’ म्हणून पाठ फिरवूं नये, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम २० मार्च हीच तारीख कां, तें पाहूं. १९७० सालीं त्या दिवशीं आफ्रिकेंतील नायजर देशाच्या नियामे या राजधानींत फ्रेंच भाषा बोलणाऱ्या राष्ट्रांनीं आपली संघटना उभारली. तिचे पुरस्कर्ते म्हणून ज्यांचीं नांवें घेतात ते सेनेगालचे सेंघोर, ट्युनिशियाचे बुर्गिबा, नायजरचे दियोरी आणि कंबोडियाचे सिहानूक. यांत फ्रेंच मनुष्य एकहि नाहीं! चौघेहि ज्या देशांचे, ते देश थोड्याच वर्षांपूर्वीं फ्रान्सच्या अमलाखालीं होते. राज्यकर्ता गेला, आणि त्याच्या भाषेचा संसार मागें राहिलेल्यांनीं मांडला. इंग्रजीच्या बाबतींत आपण हेंच केलें. मात्र त्याची जाहीर कबुली देतांना आपली जीभ अडखळते. आज या संघटनेंत ऐंशींहून अधिक राष्ट्रें व सरकारें आहेत; फ्रेंच जाणणाऱ्यांची संख्या तीस कोटींच्या वर आहे; आणि रोजच्या व्यवहारांत ती भाषा वापरणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक आज आफ्रिकेंत राहतात. म्हणजे ‘फ्रेंच बोलपट’ म्हटल्यावर पॅरिसचा मनोरा आणि सेन नदीचा कांठ एवढेंच चित्र मनांत आणणारा मनुष्य निम्म्याहून अधिक फ्रेंचला मुकतो.

हें सारें फुकट कां, असा प्रश्न व्यवहारी गृहस्थ विचारील, आणि तो रास्त आहे. परराष्ट्राचा वकील जसा आपल्या देशाचा व्यापार पाहतो, तसा त्याच्या भाषेचाहि पाहतो. पॅरिस येथें १८८३ सालीं स्थापन झालेली आलियांस फ्राँसेझ ही संस्था याच कामाला वाहिलेली आहे. तिची मुंबईची शाखा चर्चगेटनजीक न्यू मरीन लाइन्सवर थिऑसॉफी हॉलमध्यें आहे. पुण्यासहि तशी शाखा आहे. तेथें भाषेचे वर्ग चालतात, आणि ते अर्थातच फुकट नाहींत. विनामूल्य बोलपट हें त्या वर्गांचें तोरण समजावें. दुकानदार गुळाचा खडा हातावर ठेवतो तो गूळ विकण्यासाठींच ठेवतो. पण म्हणून त्या खड्याची गोडी खोटी ठरत नाहीं. उलट, भाषा वाढवावयाची तर तिच्यांतील उत्तम तें दारावरच, विनामूल्य मांडावें, ही दृष्टि आमच्या मराठीच्या कैवाऱ्यांनीं जरूर उचलावी. परप्रांतीय शेजाऱ्यानें मराठी शिकावी असा आग्रह आपण धरतों. पण त्याला घरीं बोलावून, त्याच्या भाषेंतील तळटिपांसह एखादा मराठी बोलपट किती जणांनीं दाखविला आहे?

चित्रपट आणि फ्रेंच यांचें नातें आपल्या घरांना वाटतें त्याहून जुनें आहे. ल्यूमिएर बंधूंनीं आपलीं हलतीं चित्रें पॅरिसमध्यें तिकीट लावून दाखविलीं तीं १८९५ च्या डिसेंबरांत. आणि अवघ्या सहासात महिन्यांनीं, ७ जुलै १८९६ रोजीं, त्यांचा माणूस मारिउस सेस्तिए यानें मुंबईस वॉटसन हॉटेलांत तींच आणून दाखविलीं. प्रवेश एक रुपया. पुढें खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत होऊं लागले तेव्हां दर खालीं चार आण्यांपर्यंत आले, आणि पडदानशीन स्त्रियांसाठीं बसण्याची निराळी सोय ठेवण्यांत आली. हिंदुस्थानांतील कुटुंबवत्सल प्रेक्षकवर्ग जन्माला आला तो या चार आण्यांच्या तिकिटापाशीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईचे छायाचित्रकार या नव्या विद्येनें असे भारले गेले कीं त्यांनीं स्वतःचा कॅमेरा आणविला, १८९९ सालीं कुस्तीचा एक सामना चित्रित केला, आणि केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या परांजप्यांचें १९०१ मधील स्वागतहि टिपलें. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला तो त्यानंतर बारा वर्षांनीं.

या देवघेवींत आपण केवळ घेणेकरीच राहिलों, असेंहि नाहीं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत वाखाणला गेला, तेव्हां तेथील परीक्षकांस इंद्रायणी कोठें आहे हें कोण सांगावयास गेलें होतें? व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’स १९५२ सालीं फ्रान्समधील कानच्या महोत्सवांत ध्वनिमुद्रणाबद्दल पारितोषिक मिळालें. होनाजी बाळाची भूपाळी फ्रेंच कानांनीं ऐकली आणि तिची वाखाणणी केली. परभाषेचा बोलपट पाहणें म्हणजे त्या ऋणाची फेड करणें आहे असें म्हटलें तर अतिशयोक्ति होईल. पण मराठी न कळणाऱ्यास तुकाराम कळूं शकतो, तर फ्रेंच न कळणाऱ्यास सेनेगालची मुलगी कां कळूं नये?

अलिबागला तर फ्रेंचांचें जहाज परकें नाहीं. १७७७ सालीं सेंट ल्युबिन नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ येथून थोड्याच कोसांवरील चौलच्या बंदरांत उतरला, आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोंत असें सांगत पुण्यास गेला, आणि नाना फडणिसांनीं त्याचा आदरसत्कार केला. त्याच्या वकिलातीचें तेज फारसें खरें नव्हतें, परंतु मुंबईकर इंग्रजांची झोंप उडविण्यास तेवढें पुरें झालें. पुढील इंग्रज-मराठे युद्धाच्या कारणांत या प्रकरणाची गणना होते. फ्रेंच येथें टिकले नाहींत. पोर्तुगीज मात्र दोन शतकें टिकले, आणि १७४० मध्यें चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आल्यावर गेले. ते गेले, पण खाडीपलीकडील कोर्लई गांवांत त्यांची भाषा राहिली. पोर्तुगीज शब्द आणि मराठीची घडण यांच्या मिश्रणाची ती बोली तेथील ख्रिस्ती कुटुंबें आजहि घरांत बोलतात. राजवट पुसली जाते आणि चुलीपुढची भाषा उरते, याचा असा जिवंत पुरावा ज्यांच्या तालुक्याशेजारीं आहे त्यांना फ्रेंचभाषी जगाची गोष्ट समजावून सांगण्याचें कारण पडूं नये.

आतां प्रत्यक्ष बोलपटांकडे वळूं. महोत्सवाचा कार्यक्रम दर वर्षीं बदलतो. म्हणून पुढील नांवें यंदाच्या पत्रिकेंतील आहेत असें कोणीं समजूं नये. फ्रेंचभाषी जगांतील ज्या कृति घरांतील मंडळींनीं एकत्र बसून पाहण्याजोग्या व मागाहून बोलण्याजोग्या आहेत, त्यांपैकीं दोहोंविषयींच सविस्तर सांगतों.

पहिली सेनेगालची. ऊस्मान सेंबेन यांचा जन्म १९२३ चा. मार्सेयच्या गोदीवर त्यांनीं हमाली केली, मग फ्रेंच भाषेंत कादंबऱ्या लिहून नांव मिळविलें. पण आपल्या देशांतील बहुसंख्य लोकांस वाचतां येत नाहीं, मग लिहितों तें कोणासाठीं, हा प्रश्न त्यांस छळूं लागला. आणि चाळिशीच्या सुमारास मास्कोस जाऊन ते चित्रपटविद्या शिकले. १९६६ चा ‘ला न्वार द...’ हा त्यांचा पहिला मोठा बोलपट, तोहि सुमारें तासाभराचाच. दिऊआना ही डाकार शहरांतील निरक्षर तरुणी. तेथील एका फ्रेंच कुटुंबाकडे ती मुलें सांभाळते. कुटुंब स्वदेशीं परततें आणि तिलाहि बोलावून घेतें. फ्रान्स पाहावयास मिळणार म्हणून ती हरखून जाते. प्रत्यक्षांत आंतीब गांवच्या त्या बिऱ्हाडांत तिच्या वांट्यास येतो तो स्वयंपाक, झाडलोट, धुणें आणि बाईसाहेबांची करवादणारी हांक. समुद्र खिडकींतून दिसतो. तिथवर जाण्यास सवड नाहीं. डाकारमध्यें नोकरीवर लागल्या दिवशीं तिनें एक लाकडी मुखवटा मोठ्या आनंदानें मालकिणीस भेट दिला होता. तो आतां दिवाणखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर शोभेसाठीं टांगलेला असतो, आणि ती स्वतःहि त्या घरांत जणूं तशीच एक टांगलेली वस्तु होऊन राहते.

एक प्रसंग विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तिच्या आईचें पत्र येतें. दिऊआनास वाचतां येत नाहीं, म्हणून मालक तें वाचून दाखवितो, आणि तिनें कांहींएक सांगण्यापूर्वींच तिच्या वतीनें उत्तरहि लिहावयास घेतो: मी खुशाल आहें, येथें सारीं मायाळू आहेत, वगैरे. मालक दुष्ट आहे काय? मुळींच नाहीं. आपण तिच्यावर उपकारच करीत आहोंत अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. दिऊआना तें पत्र हिसकावून फाडून टाकते. पुढें ती मुखवटा परत मागून घेते, आणि एके दिवशीं स्नानगृहांत स्वतःच्या हातानें जीवनयात्रा संपविते. मालक तिची पेटी, थकलेला पगार आणि मुखवटा घेऊन डाकारला जातो. आई पैशाला हात लावीत नाहीं. एक लहान मुलगा मुखवटा तोंडावर चढवून मालकाच्या मागोमाग चालूं लागतो, आणि तो सभ्य गृहस्थ भर दुपारीं, गजबजलेल्या वस्तींतून, त्या पोराला भिऊन लगबगीनें पाय उचलतो.

आमच्या मतें हा बोलपट मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबांनीं पाहावा तो गोऱ्या-काळ्यांच्या वादासाठीं नव्हे. तेवढाच अर्थ घेतला तर आपण फार स्वस्तांत सुटतों. ‘पाहा हे फ्रेंच कसे होते’ असें म्हणून पानसुपारीला मोकळे! आपल्या घरांतील मोलकरणीचा चहाचा पेला कोठें पालथा घातलेला असतो, तिनें कोणत्या दारानें यावें, तिचें पुरें नांव घरांतील कितीजणांस ठाऊक आहे, कोकणांतल्या गांवाहून ‘शिकवूं, सांभाळूं’ असें सांगून मुंबईस आणलेल्या पोरीचें शिक्षण कोठपर्यंत पोंचलें, असे प्रश्न बोलपट संपल्यावर सासू-सुनांनीं आणि बाप-लेकांनीं एकमेकांस विचारावे. आंतीबच्या बाईसाहेब आपल्या ओळखीच्या निघण्याचा संभव फार मोठा आहे.

जातां जातां भाषेची एक गंमतहि सांगितली पाहिजे. दिऊआनाचे मनांतले विचार आपणांस फ्रेंचमध्यें ऐकूं येतात. जी भाषा घरांत तिच्या तोंडून दोनचार हुंकारांपलीकडे निघत नाहीं, तींतच तिचें मनोगत चालतें. ही विसंगति सेंबेन यांना जाणवल्यावांचून कशी राहील? १९६८ च्या ‘मांदाबी’ या पुढील कृतींत त्यांनीं आपलीं पात्रें वोलोफ या मायबोलींत बोलविलीं. फ्रेंच उत्तम येत असतां ती बाजूस ठेवणारा हा लेखक! आणि तरी फ्रेंचभाषी जग त्याला आपला म्हणून मिरवितें.

दुसरा बोलपट क्वेबेकचा, फिलीप फालार्दो यांचा ‘मस्यो लाझार’, १९११ चा नव्हे बरें, २०११ चा. कारण त्यांतील मास्तर पाहून कोणासहि जुन्या काळाचा भास व्हावा. माँट्रियलच्या एका प्राथमिक शाळेंत वर्गशिक्षिका वर्गांतच गळफास घेते आणि एका विद्यार्थ्याच्या तें दृष्टीस पडतें. तिच्या जागीं येतो बशीर लाझार, अल्जीरियाचा निर्वासित. तो मुलांचीं अर्धवर्तुळांत मांडलेलीं बांकें सरळ रांगेंत लावतो, दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या बाल्झाकचें शुद्धलेखन घालतो, आणि मुलें कुरकुरतात. त्याचें फ्रेंच वेगळें, त्यांचें वेगळें. शाळेचा नियम असा कीं शिक्षकानें मुलास स्पर्शहि करावयाचा नाहीं. मारावयाचें नाहींच, पण पाठीवरून हातहि फिरवावयाचा नाहीं. मृत शिक्षिकेविषयीं वर्गांत बोलूं नये, तें काम तज्ज्ञ येऊन करील, असाहि सर्वांचा कल. मुलांच्या मनांत तर तेंच एक शल्य सलत आहे. हळूहळू आपणांस कळतें कीं या मास्तराची स्वतःची पत्नी व मुलें घराला लावलेल्या आगींत गेलीं आहेत. कळतें कीं शिक्षिका ती होती, तो नव्हता. दोन दुःखें एका खोलींत समोरासमोर बसून व्याकरण शिकत असतात.

एके ठिकाणीं एका मुलीचे आईबाप त्याला बजावतात कीं आपण शिकवावें, वळण लावण्याचें काम आमचें. आपल्याकडील आजोबा हें ऐकून खुर्चींत सावरून बसतील. आणि त्यांच्या शेजारीं बसलेली, आधुनिक शाळेंत मूल घातलेली सून कदाचित् आईबापांचीच बाजू घेईल. हा वाद घरीं परत येईपर्यंत पुरावा इतका सकस आहे. आमचा स्वतःचा कौल मास्तराकडे. पण त्यानें खोटें सांगून नोकरी मिळविली, ही गोष्ट दृष्टिआड करतां येत नाहीं.

बाकीच्यांविषयीं थोडक्यांत. बेल्जमच्या दार्देन बंधूंच्या ‘दोन दिवस, एक रात्र’ (२०१४) मध्यें कारखान्यांतील एका बाईची नोकरी राहावयाची तर सोबत्यांनीं हजार युरोंचा बोनस सोडावयास हवा; शनिवार-रविवारीं ती प्रत्येकाच्या दारीं जाते. गोष्ट एवढीच, पण दार उघडणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर आपण स्वतःस शोधूं लागतों. चाडचे महामत-सालेह हारून यांच्या २०१० च्या बोलपटांत एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावरील म्हातारा होत चाललेला रखवालदार आहे. त्याची जागा त्याच्याच मुलास मिळते, देशांत यादवी चालू असते, आणि बाप आपला मुलगा सैन्याच्या हवालीं करतो. कर्ता पुरुष आणि वयांत आलेला मुलगा एका छपराखालीं राहतात अशा घरांत हा बोलपट कोणाला तरी नक्की झोंबेल. मुलांसाठीं स्वित्झर्लंडचे क्लोद बारास यांचा ‘कुर्जेत’ (२०१६) आहे. बाहुल्या वापरून केलेला, अनाथाश्रमांतील पोरांचा. बाहुल्यांचा असला तरी अगदीं चिमुकल्यांस नेऊं नये. दारूडी आई आणि तिचा मृत्यु त्यांत आरंभींच आहे.

मॉरिशसचा उल्लेख येथें वगळला तर तो अन्यायच होईल. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून जीं हजारों माणसें हिंदुस्थानांतून त्या बेटावर गेलीं त्यांत आपल्या कोंकणपट्टींतलींहि होतीं. बेट त्या आधींच इंग्रजांकडे गेलें होतें, पण फ्रेंचांची भाषा तेथून हलली नव्हती. आज त्या मंडळींचीं नातवंडें-पणतवंडें फ्रेंचपासून झालेली क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, शाळेंत मराठी शिकतात आणि गणेशचतुर्थीस, जी तेथें सार्वजनिक सुटी आहे, गणपति बसवितात. म्हणजे फ्रेंचभाषी राष्ट्रांच्या त्या मेळाव्यांत आरती म्हणणारे लोकहि आहेत! मॉरिशसचा एखादा बोलपट पत्रिकेंत दिसला तर तो चुकवूं नये. पडद्यावरच्या गर्दींत एखादें ओळखीचें आडनांव ऐकूं यावयाचें.

आतां अडचणींकडे. पहिली तळाशीं उमटणाऱ्या इंग्रजी अक्षरांची. ज्या आजींस इंग्रजी वेगानें वाचतां येत नाहीं त्यांनीं काय करावें? शेजारीं बसून कुजबुजत अर्थ सांगणें हा इतरांस उपद्रव आहे. त्यापेक्षां आदल्या रात्रीं जेवणें झाल्यावर नातीनें कथानक वाचून मराठींत सांगावें. कीर्तनास जातांना आख्यान ठाऊक असतें, म्हणून कोणाचा रस उणा झाला आहे काय? दुसरी शंका सोंवळ्या-ओंवळ्याची, म्हणजे पडद्यावर काय दिसेल याची. महोत्सवांतील कांहीं बोलपट केवळ प्रौढांसाठीं असतात आणि दारावर वयाची अट असूं शकते. मुलें नेण्यापूर्वीं चौकशी करावी. सारेंच वर्ज्य मानण्याचें मात्र कारण नाहीं. रोज सायंकाळीं घरोघर ज्या मालिका चालतात त्यांतील कपटकारस्थानांपुढें लाझार मास्तर सोज्ज्वळच ठरेल.

तिसरी अडचण अंतराची, आणि तिला खरा उपाय हा कीं महोत्सवाचा एखादा दिवस अलिबागेसच आणावा. हें स्वप्न नव्हे. मुंबईंत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून उत्तमोत्तम देशोदेशींचे बोलपट आपल्या सभासदांस दाखवीत आलें आहे. देशांतील फिल्म सोसायट्यांचा संघ तर १९५९ चा, आणि त्याचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय. वाचनालयाचें सभागृह, एक बरा पडदा, हक्कधारकांची लेखी परवानगी आणि चाळीस-पन्नास हौशी कुटुंबें एवढी सामग्री जमली तर अशी मंडळी लहान गांवांतहि उभी राहते. येथील कोणी निवृत्त शिक्षक वा प्राध्यापिका मनावर घेतील तर परवानगीसाठीं पहिलें पत्र त्यांनींच लिहावें. सोबत मराठी तळटिपा करण्याची तयारी दाखवावी. महाविद्यालयांतील मुलांस त्याहून चांगला भाषेचा अभ्यास कोठें मिळणार?

तोंपर्यंत मांडवा आहेच. तेथून बोट गेटवेस लागते आणि गेटवेपासून न्यू मरीन लाइन्स चालत अर्ध्या तासाच्या आंतबाहेर. गाडीसह जावयाचें असेल त्यांस २०२० पासून भाऊच्या धक्क्याची मोठी बोट आहे. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ मात्र निघण्यापूर्वींच विचारून ठेवावी, कारण रात्रीच्या खेळास बसलें तर पनवेल-वडखळ असा शंभर किलोमीटरचा वळसा नशिबीं येतो. यादींत सेंबेनचा बोलपट दुपारच्या वेळीं असेल तर फारच उत्तम. तो तासाभरांत आटोपतो, आणि दिवेलागणीस मंडळी मांडव्याच्या धक्क्यावर उतरलेलीं असतील.